नव्या खाऱ्या टाकीचा पीएच आणि बंद खोलीतली हवा

प्रति,
मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

विषय : रविवार पुरवणीतील मत्स्यालयाच्या लेखात दिलेला सोड्याचा सल्ला

महोदय,

गेल्या पंधरवड्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती मत्स्यालयांवर एक सविस्तर लेख प्रसिद्ध झाला होता. खाऱ्या पाण्यातील माशांविषयी मराठीत इतक्या आस्थेने लिहिलेले सहसा वाचायला मिळत नाही, म्हणून तो लेख मी दोनदा वाचला आणि त्याचे कात्रणही काढून ठेवले. मात्र लेखासोबतच्या चौकटीतील एका सल्ल्याने मला अस्वस्थ केले. नव्या टाकीच्या पाण्याचा पीएच ८.३च्या खाली उतरला, तर तो पुन्हा ८.३वर येईपर्यंत रोज चमचाभर खाण्याचा सोडा पाण्यात टाकत राहावे, असे तेथे म्हटले आहे. हाच सल्ला चार वर्षांपूर्वी मला एका दुकानात तोंडी मिळाला होता. मी तो इमानाने पाळला आणि त्यात माझा एक मासा गेला. लेख वाचून अनेकांनी हौसेने टाक्या मांडल्या असतील, त्यांच्यावर ही वेळ येऊ नये एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे, परंतु हा विषय दोन ओळींच्या दुरुस्तीत मावणारा नाही.

मी डोंबिवलीत राहतो आणि एका रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये भूलयंत्रांची देखभाल करणारा तंत्रज्ञ म्हणून काम करतो. चार वर्षांपूर्वी मार्च महिन्यात आम्ही हॉलमध्ये २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. पाकिटातले समुद्री मीठ, कोरडे दगड, शिंपल्यांचा चुरा मिसळलेली वाळू, एक प्रोटीन स्किमर (पाण्यात हवेचे बारीक बुडबुडे घुसळून घाण फेसाबरोबर बाहेर काढणारे यंत्र) आणि दोन पॉवरहेड (पाणी फिरते ठेवणारे छोटे पंप) एवढा तिचा सरंजाम होता. चौथ्या आठवड्यात क्लाऊनफिशची एक जोडी आणली. त्याच आठवड्यात एका सकाळी सहा वाजता पीएच पाहिला, तर ७.७२. पुस्तकात ८.३ वाचलेले असल्यामुळे मी घाबरलो आणि दुकानात फोन केला. उत्तर आले, ‘‘बफर टाका, रोज एक चमचा.’’ बफर म्हणजे पीएच सावरण्यासाठी विकली जाणारी सोड्याची पूड. मी पुडी आणली आणि रोज सकाळी एक चमचा टाकू लागलो. संध्याकाळी आकडा थोडा चढलेला दिसे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा ७.७ किंवा ७.८. असे आठ दिवस चालले. नवव्या दिवशी संध्याकाळी धीर सुटून मी तीन चमचे एकदम टाकले. तासाभरात पाणी पातळ ताकासारखे पांढुरके झाले, पीएच ८.६वर गेला आणि रात्री एक मासा पृष्ठभागाशी येऊन भराभर कल्ले हलवू लागला. सकाळी तो तळाशी पडलेला होता. हीटरवर पांढरा खडबडीत थर बसला होता आणि एका पॉवरहेडचा पंखा जाम झाला होता. त्या दिवशी मी पहिल्यांदा पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल झेलण्याची ताकद, मोजली. ती साडेचौदा डीकेएच (हे तिचे एकक) निघाली. समुद्राच्या पाण्यात ती साधारण सात असते.

माझी चूक नेमकी कुठे झाली, हे कळण्यासाठी दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्या लागतात. शेतकरी वाचक ज्याला जमिनीचा सामू म्हणतात, तोच पीएच. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ साली ही मोजपट्टी मांडली. ती सरळ चढत जाणारी नाही. आकडा ०.३ने घसरला, तर पाण्यातील आम्लता दुप्पट झालेली असते. अल्कलिनिटी ही वेगळी वस्तू आहे. आम्ल पडले तर ते झेलण्यासाठी पाण्यात किती बायकार्बोनेट आणि कार्बोनेट शिल्लक आहे, याचे ते माप आहे. खाऱ्या पाण्यात पीएच कुठे स्थिरावेल, हे मुख्यतः या दोहोंच्या नात्यावर ठरते : पाण्यात अल्कलिनिटी किती आहे आणि त्यात कार्बन डायऑक्साइड किती विरघळलेला आहे. अल्कलिनिटी तीच राहिली आणि कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला, तर पीएच पाव ते ०.३ इतका खाली येतो. माझ्या टाकीत अल्कलिनिटी बहुधा पहिल्या दिवसापासून पुरेशी होती. जास्त झाला होता तो वायू, आणि मी उपाय करत होतो अल्कलिनिटीवर.

हे सांगताना मला स्वतःच्या कामाचा दाखला द्यावासा वाटतो, कारण त्यानेच माझे डोळे उघडले. माणसाच्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात असावा लागतो. भूल दिलेल्या रुग्णाचा श्वास उथळ झाला, की कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही, तो रक्तात साठतो आणि रक्त आम्लाकडे झुकते. अशा वेळी भूलतज्ज्ञ सोडाबायकार्बची, म्हणजे खाण्याच्या सोड्याच्याच द्रावणाची, बाटली मागत नाहीत, ते आधी श्वास सुधारतात. श्वास तसाच कोंडलेला ठेवून बायकार्बोनेट दिले, तर त्यातून आणखी कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तोही आतच राहतो. आमच्या थिएटरमध्ये नवीन आलेल्या मुलांना हे सुरुवातीलाच समजावून सांगितले जाते. घरातली टाकीही श्वास कोंडलेल्या रुग्णासारखीच होती, हे मात्र मासा मेल्यानंतर माझ्या लक्षात आले आणि त्याचे मला अजून वाईट वाटते.

टाकीचा श्वास म्हणजे ती ज्या खोलीत आहे, त्या खोलीची हवा. बाहेरच्या मोकळ्या हवेत आज कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारे ४२५ भाग, म्हणजे ४२५ पीपीएम असतो. आमच्या हॉलमध्ये उन्हाळ्यात रात्री एसी चालतो आणि आम्ही तिघे तेथेच झोपतो. खाऱ्या पाण्याचे तापमान २५ ते २७ अंशांत ठेवावे लागते, त्यासाठी लागणारा चिलर (पाणी गार ठेवणारे यंत्र) महाग असतो, म्हणून आमच्यासारखी अनेक कुटुंबे टाकी एसीच्या खोलीतच ठेवतात. येथेच खरी गोम आहे. घरोघरी असतो तो स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा गार करून पुन्हा खोलीत सोडतो. एक माणूस दिवसभरात सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासातून सोडतो. मी हवेतला हा वायू मोजणारे एक छोटे यंत्र विकत आणून टाकीशेजारी ठेवले. रात्री अकराला दारे-खिडक्या लावताना ते ६४० दाखवत होते आणि पहाटे पाचला २,१००. बाहेरच्या हवेत ज्या पाण्याचा पीएच ८.२च्या आसपास राहील, तेच पाणी दोन हजार पीपीएमच्या हवेत पुरेसा वेळ राहिले, तर ७.६-७.७पर्यंत उतरते. माझा ७.७२ हा आकडा कुठून आला, याचे उत्तर त्या छोट्या पडद्यावर होते.

त्याच वर्षी गणपतीत याचा आणखी ठळक प्रत्यय आला. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. बाहेर मुसळधार पाऊस असल्याने खिडक्या लावलेल्या, हॉलमध्ये पंचवीसेक माणसे, समया, निरांजने, कापूर, आणि स्वयंपाकघरात मोदकांसाठी पेटलेले दोन्ही गॅस. संध्याकाळी सहाला पीएच ८.०६ होता. आरत्या आणि जेवणे आटोपून पाहुणे निघाले तेव्हा तो ७.८५ झाला होता आणि हवेचे यंत्र २,८०० दाखवत होते. पाण्यात कुणी काही टाकले नव्हते, माशांना त्या दिवशी खाणेही कमीच घातले होते. त्या आकड्यावर मी बफर टाकला असता तर काय झाले असते, याचा विचार करून मी नुसत्या खिडक्या उघडल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी आपोआप ८.१ला आले.

म्हणून ज्यांच्या नव्या टाकीचा पीएच कमी येतो आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की कोणतीही पुडी उघडण्यापूर्वी एक साधा प्रयोग करावा. टाकीतले लिटरभर पाणी काचेच्या भांड्यात घ्यावे, त्याचा पीएच मोजून लिहून ठेवावा आणि ते भांडे बाल्कनीत किंवा खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवून त्यात एअर पंपाने तासभर बुडबुडे सोडावेत. पंपही बाहेरच हवा, नाहीतर तो खोलीतलीच हवा पाण्यात सोडत राहतो. तासाभराने पुन्हा मोजावे. माझ्या भांड्यात ७.७६चे ८.१४ झाले होते. आकडा असा चढला, तर दुखणे कार्बन डायऑक्साइडचे आहे. मग हाच प्रयोग घरात, खोलीच्या हवेवर करून पाहावा. घरातही आकडा चढला, तर हवा ठीक आहे, मात्र टाकीत पाणी आणि हवा यांची गाठ पुरेशी पडत नाही, असा अर्थ होतो. बाहेर चढला आणि घरात जागचा हलला नाही, तर खोलीची हवाच कोंडलेली आहे. दोन्हीकडे तो जिथल्या तिथे राहिला, तर आणि तरच अल्कलिनिटी कमी असल्याचा संशय घ्यावा, आणि तोही संशय किटने मोजून पक्का करावा.

पाण्याची आणि हवेची गाठ घालून देणे हे स्वस्तातले काम आहे. पॉवरहेडचे तोंड थोडे वर करून पृष्ठभाग सतत हलता ठेवावा. पाण्यावर तेलकट साय धरत असेल, तर ती कागदाने टिपून घ्यावी. मासे उडी मारतात म्हणून अनेकजण वरून काच घट्ट बसवतात, तिच्याऐवजी चौकटीवर मच्छरदाणीची जाळी ताणून लावली, की मासेही सुरक्षित राहतात आणि वायूलाही वाट मिळते. माझ्या टाकीला सर्वात जास्त गुण आला तो स्किमरच्या हवेच्या नळीने. स्किमर दर मिनिटाला लिटरच्या लिटर हवा पाण्यात घुसळत असतो, आणि ती हवा तो जेथून ओढतो, तेथल्यासारखे पाणी होते. मी त्याच्या नळीला जोड देऊन ती खिडकीच्या चौकटीला पाडलेल्या भोकातून बाहेर काढली, तिच्या तोंडाला बारीक जाळी लावली आणि पावसाचे पाणी आत ओढले जाऊ नये म्हणून तोंड खाली वळवले. खर्च शंभर रुपयांच्या आतला होता. त्या आठवड्यापासून पहाटेचा आकडा ७.९२च्या खाली गेलेला नाही. एक पथ्य मात्र सांगितले पाहिजे : इमारतीत पेस्ट कंट्रोल किंवा रंगकाम चालू असेल, त्या दिवशी ही नळी आत घ्यावी.

खिडकीपर्यंत नळी नेणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी सोडा लाइम आहे, आणि ही वस्तू माझ्या रोजच्या हाताखालची असल्यामुळे तिच्याविषयी जरा सविस्तर लिहितो. भूलयंत्रात रुग्णाने सोडलेली हवा पुन्हा वापरण्यापूर्वी तिच्यातला कार्बन डायऑक्साइड काढून घेणारे जे पांढरे दाणे डब्यात भरलेले असतात, ते हेच. त्यात मुख्यतः कॅल्शियम हायड्रॉक्साइड असते. दाणे वायू शोषून संपत आले, की त्यात मिसळलेल्या रंगद्रव्यामुळे ते जांभळे होतात. स्किमरच्या नळीवर असा एक डबा बसवला, की पाण्यात जाणारी हवा जवळजवळ कार्बन डायऑक्साइडविरहित होते. येथे दोन धोके आहेत. संपलेले जांभळे दाणे काही तास नुसते ठेवले, की पुन्हा पांढरे दिसू लागतात, पण त्यांची शक्ती परत आलेली नसते. रंग पाहून फसू नये, डबा भरल्याची तारीख त्यावर लिहावी. आणि हे दाणे दाहक असतात, त्यांची पूड डोळ्यात किंवा पाण्यात जाता कामा नये. रुग्णालयातून टाकून दिलेले दाणे कुणी ओळखीने देऊ केले, तरी आणू नयेत. ते रुग्णांच्या श्वासात वापरलेले असतात.

दुसरा उपाय आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली, की ती दुधाळ होते, हे आपण पाहिलेले आहे. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडशी चुन्याचा संयोग होतो, म्हणून ती दुधाळ होते. हीच निवळी टाकीत थेंबाथेंबाने सोडली, तर ती पाण्यात विरघळलेला वायू शोषून घेते, आणि त्याच वेळी पाण्याला कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही देते. लिटरभर पाण्यात चुना जेमतेम दीड ग्रॅम विरघळतो, उरलेला गाळ तळाशी ठेवून वरचे नितळ पाणी घ्यायचे असते. मात्र या निवळीचा पीएच १२च्या पुढे असतो. ती पेलाभर एकदम ओतली, तर माझ्या तीन चमच्यांनी जे केले, त्याहून मोठा अनर्थ होईल. बाष्पीभवनाने जेवढे पाणी उडते, तेवढीच निवळी, रात्रीच्या वेळी, सलाइनच्या नळीसारख्या चापाने थेंब मोजून सोडावी. पानाच्या डबीतला चुना वापरावा का, असे मला दोघांनी विचारले आहे. तो वापरू नये. त्यात आणखी काय मिसळलेले असते, ते डबीवर लिहिलेले नसते. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड रसायनांच्या दुकानात मिळते. आणि नव्या टाकीत, जेथे कॅल्शियम खाणारे काहीच अजून वाढलेले नाही, तेथे निवळीची घाई करू नये. आधी हवा, आणि नंतर गरज उरली तर चुना.

सोडा कधीच लागत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. नव्या टाकीत अल्कलिनिटी खरोखर घटण्याचे एक कारण असते. टाकी ‘सायकल’ होत असताना, म्हणजे पहिल्या तीन ते सहा आठवड्यांत, जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि त्या क्रियेत आम्ल तयार होते. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे चुनखडीच्या हिशेबाने सुमारे सात ग्रॅम अल्कलिनिटी खर्ची पडते. दगडांवर वाळलेले मृत जीव कुजत असतील किंवा सायकल लवकर व्हावी म्हणून कोळंबीचे तुकडे जास्त टाकले असतील, तर हा खर्च जाणवण्याइतका वाढतो. पावसाळ्यात ओल लागून गठ्ठे झालेले मीठ वापरले, तरी अल्कलिनिटी सुरुवातीपासूनच कमी येऊ शकते. किटने मोजून ती सातच्या खाली दिसली, तर खाण्याचा सोडा हे योग्य औषध आहे. १०० लिटर पाण्याला तीन ग्रॅम सोड्याने अल्कलिनिटी एक डीकेएच वाढते. तो चमच्याने न घेता काट्यावर तोलावा, टाकीबाहेर लोटाभर आरओच्या पाण्यात विरघळवावा, प्रवाहाच्या तोंडाशी हळूहळू सोडावा आणि दिवसाला एक डीकेएचपेक्षा जास्त वाढवू नये. केकमध्ये घालतात ती बेकिंग पावडर वेगळी. तिच्यात आम्ल आणि पीठ असते, ती टाकीत जाता कामा नये. धुण्याच्या सोड्याने पीएच उसळी घेतो (माझ्या बफरच्या पुडीत बहुधा तोही मिसळलेला असावा), म्हणून तो नवख्याने हाताळू नये. एवढे करूनही पीएच लगेच वाढेल, अशी अपेक्षा ठेवू नये. खाण्याचा सोडा अल्कलिनिटी वाढवतो. पीएचवर त्याचा तात्काळ परिणाम जवळजवळ शून्य असतो, किंबहुना पहिल्या तासात आकडा किंचित उतरतोही. पीएच ८.३ होईपर्यंत सोडा टाकत राहा, हा सल्ला म्हणूनच धोक्याचा आहे. कोंडलेल्या खोलीत ते ८.३ येतच नाही आणि तोवर अल्कलिनिटी भलतीकडे जाऊन पोहोचते.

आणखी एक धोका माझ्या माशाच्या बाबतीत प्रत्यक्ष घडला. सायकल पूर्ण न झालेल्या पाण्यात अमोनिया शिल्लक असतो. माझ्या किटमध्ये त्या दिवशी तो ०.५ होता. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, एक फारसे न बाधणारे आणि दुसरे विषारी. पीएच वाढला, की विषारी रूपाचा वाटा वाढतो, आणि तो ०.३ वाढला तर जवळपास दुप्पट होतो. ७.८वरून ८.६वर एका तासात गेलेल्या माझ्या टाकीत त्या माशाभोवतीचे विष कित्येक पटींनी वाढले होते. ७.८च्या पाण्यात तो कदाचित आणखी दोन आठवडे सुखाने काढू शकला असता. ज्या नव्या टाकीत अमोनिया दिसतो आहे, तेथे पीएच वाढवण्याची घाई माशांच्या जिवावर येते, हे दुकानदार मंडळींनी गिऱ्हाइकाला पुडी देण्यापूर्वी सांगायला हवे.

८.३ हाच आकडा गाठायला हवा, हा आग्रहही सोडून द्यावा. खुल्या समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच औद्योगिक क्रांतीपूर्वी सरासरी ८.२ होता, आज तो ८.१ आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड २८० पीपीएमवरून आजच्या पातळीला गेल्याचा तो परिणाम आहे, आणि आपल्या हॉलमध्ये एका रात्रीत जे घडते, त्याचीच ती जगभर पसरलेली आवृत्ती आहे. घरच्या टाकीत केवळ मासे असतील, तर ७.८ ते ८.४ यांमध्ये कुठेही राहणारा पीएच चालतो. पहाटे दिवे लागण्यापूर्वी तो सर्वात कमी आणि संध्याकाळी दिवे मालवण्यापूर्वी सर्वात जास्त असतो, कारण दिवसा शेवाळ कार्बन डायऑक्साइड खाते आणि रात्री सगळेच तो सोडतात. नव्या टाकीत शेवाळ नसते, म्हणून दिवसाची ही चढण सुरुवातीला फारशी दिसत नाही आणि आकडा खालीच रेंगाळतो. यात घाबरण्याजोगे काही नाही. फक्त रोज एकाच वेळी मोजावे, म्हणजे सकाळच्या आकड्याची तुलना संध्याकाळच्या आकड्याशी होऊन गोंधळ उडणार नाही.

मोजण्याच्या साधनावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. पेनासारखी स्वस्त मीटर महिन्याभरात भरकटतात. ७ आणि १० अशा दोन प्रमाण द्रावणांत ती नियमित लावून घ्यावी लागतात आणि त्यांचे टोक कोरडे किंवा डिस्टिल्ड पाण्यात न ठेवता त्यासाठीच्या साठवण द्रावणात ठेवावे लागते. रंग जुळवायचे किट पिवळ्या दिव्याखाली ७.८ आणि ८.१ यांतला फरक दाखवत नाही, खिडकीच्या उजेडात पाहावे. माझा पहिला ७.७२ नंतर मीटर लावून घेतल्यावर ७.७८ निघाला होता. दोन समजुतींबद्दल थोडक्यात सांगतो. आरओच्या पाण्याचा पीएच सहा दाखवतो, म्हणून ते आम्लधर्मी आहे आणि टाकीचा पीएच उतरवते, असे अनेकांना वाटते. त्या पाण्यात जवळजवळ काहीच विरघळलेले नसल्यामुळे तो आकडा नगण्य आहे, मीठ मिसळून दिवसभर ढवळले, की मिठाचाच पीएच लागू होतो. शिंपल्यांचा चुरा किंवा प्रवाळाची वाळू घातली, की पीएच ८.२ला टिकतो, हेही खरे नाही. पाण्याचा पीएच साधारण ७.७च्या खाली गेल्याशिवाय ती वाळू विरघळायलाच लागत नाही. त्या आशेने मालवणच्या किंवा आणखी कुठल्या किनाऱ्यावरून प्रवाळाचे तुकडे कुणी उचलून आणू नयेत. कठीण प्रवाळांना २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे.

उत्तर अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या मावसभावाकडे हेच दुखणे जानेवारीत उद्भवते. तेथे थंडीमुळे घरे महिनोन्महिने बंद असतात, आपल्याकडे एसीमुळे आणि पावसामुळे. पुण्या-नाशिककडच्या मंडळींना ते डिसेंबरच्या पहाटे दिसेल. उपाय सगळीकडे एकच आहे.

ज्यांनी आपल्या पुरवणीतील चौकट वाचून सोडा टाकायला सुरुवात केली असेल, त्यांनी तो आजच थांबवावा आणि अल्कलिनिटी मोजावी. ती ११ डीकेएचच्या आत असेल, तर काहीही करू नये, ती हळूहळू उतरेल. त्याहून वर असेल, तर दोन-तीन दिवसांआड पंधरा टक्के पाणी बदलावे, आणि नवे पाणी टाकीत घालण्यापूर्वी त्याचा खारेपणा व तापमान टाकीशी जुळवून घ्यावे. अल्कलिनिटी उतरवण्यासाठी टाकीत व्हिनेगर किंवा लिंबू पिळू नये. हीटर आणि पॉवरहेड यांवर पांढरा थर बसला असेल, तर वीज बंद करून ते बाहेर काढावेत आणि बादलीत पांढऱ्या व्हिनेगरच्या पाण्यात अर्धा तास ठेवून स्वच्छ धुवावेत, थर सुटतो. आणि रात्री झोपताना एक खिडकी बोटभर उघडी ठेवावी. एसीचे बिल थोडे वाढते. आमचेही वाढले आहे.

आपल्या पुरवणीच्या पुढील अंकात त्या चौकटीची दुरुस्ती ठळकपणे छापावी, ही नम्र विनंती. दुरुस्तीत ‘रोज एक चमचा’ हे शब्द काढून त्यांच्या जागी ‘आधी अल्कलिनिटी मोजा’ एवढे तीन शब्द आले, तरी माझे काम झाले.

कळावे,
आपला नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)